गोविंदरावांची शिंपली

पाटी लागली तर शरदचंद्र राऊतांना काय काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवू. दोन बाय तीन फुटांची हिरवी पत्र्याची पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘गोविंदराव राऊत यांची शिंपली’. बीजमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेत खुर्ची. मंडळाच्या छापील यादीत दीड ओळ. रोख काही नाही. आणि या सगळ्याहून वजनदार गोष्ट म्हणजे मुलाचं तोंड पाच वर्षं बंद.

मुलगा उमंग. राहायला विरारला, नोकरी अंधेरीला आणि डोळा भुईगावातल्या घरामागच्या अकरा गुंठ्यांवर. आळीत भाताचं तेवढंच एक खाचर उरलं होतं. बाकीच्यांनी केळी लावली, नाहीतर मोगरा, नाहीतर भराव टाकून कंपाउंडं घातली. उमंगकडे लग्नाचं लॉन काढणाऱ्या एका माणसाचा नंबर होता आणि तो नंबर तो दर रविवारी बापाच्या पानात वाढायचा.

“बाबा, तांदूळ दुकानात मिळतो. लॉनला जागा दुकानात मिळत नाही.”

शेवटी बापलेकांत तह झाला. जुनं वाण जपणारं खाचर म्हणून मंडळाने यादीत घेतलं, तर पाच वर्षं त्या जमिनीत दुसरं काही करायचं नाही अशी मंडळाचीच अट होती. उमंग ती पाळणार. नाही घेतलं, तर दिवाळी झाली की मातीच्या गाड्या.

शिंपली हे भाताचं वाण. दाणा आखूड, पोटाशी रुंद, शिजला की शिंपल्यासारखा मधोमध उघडतो. खाडीचं खारं पाणी खाचरात घुसलं तरी आठ-दहा दिवस मान टाकत नाही. शरदचंद्रांचे वडील गोविंदराव ते लावायचे. त्यांच्या आधीही कुणी लावत असेल, पण पाटीवर जागा एकाच नावाची.

शरदचंद्रांनी स्वतः पस्तीस वर्षं मुंबईत कचेरी केली. सकाळी सहाला घर सोडलं, रात्री नऊला गाठलं. भाताशी त्यांची भेट व्हायची ती ताटात. खाचर चालवलं त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी. बी टाकणं, लावणी, तण काढायची बेणणी, कापणी, झोडणी, चव्वेचाळीस वर्षं. मंडळाच्या अर्जात ‘वाण जतन करणाऱ्याचे नाव’ अशी ओळ होती. तिथे शरदचंद्रांनी स्वतःचं नाव घातलं. अक्षर त्यांचं सुंदर आहे, एवढं कबूल करायला हवं.

अर्जात आणखी एक ओळ होती. ‘कुसळ: आहे / नाही.’ कुसळ म्हणजे दाण्याच्या टोकाला असतो तो खरखरीत केस. शरदचंद्र माजघरात गेले, पिंपातले मूठभर दाणे तळहातावर घेतले, चष्म्यातून निरखले आणि ‘नाही’वर खूण केली. पिंपं दोन होती. त्यांनी जवळचं उघडलं.

दोन पिंपांची गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी मोठ्या उधाणाचं पाणी पार ओटीपर्यंत आलं आणि अर्धं बी भिजलं. तेव्हा शरदचंद्रांनी दुकानातून बियाण्याची एक पिशवी आणली. अनसूयाबाईंनी ते दुकानातलं बी रस्त्याकडच्या वरच्या अर्ध्यात लावलं आणि वाचलेली शिंपली खालच्या अर्ध्यात, बावखलाच्या बाजूला. बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. वरच्या आणि खालच्या अर्ध्याच्या मध्ये बांध नव्हता. बांध बाईंच्या डोक्यात होता. पुढच्या वर्षीही तसंच चाललं, कारण दुकानातल्या तांदळाचा भात मऊ व्हायचा आणि शरदचंद्रांना तो आवडला. शिंपली सणाला निघायची.

“आता मिसळून सगळं एकच झालं असेल,” शरदचंद्र म्हणाले होते.

“चव्वेचाळीस वर्षं आपण एका घरात आहोत,” अनसूयाबाई सुपात तांदूळ पाखडत म्हणाल्या. “आपण झालो का एक?”

“तुझं काहीतरीच.”

“अर्ज खालच्या अर्ध्याचाच करा, एवढं ऐका.”

शरदचंद्रांनी अकरा गुंठ्यांचा केला. अर्धं म्हटलं की पाटी अर्धी वाटते.

आता देवभात. तेही भातच, पण रानचं, कुणी न पेरता आपलं आपण उगवणारं. खाचरात शिरलं तर पिकाचं वाटोळं करतं, कारण पिकायच्या आधीच गळतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट होऊन वर येतं. मंडळाचा नियम सरळ होता. तिसऱ्या, शेवटच्या भेटीत खाचरात देवभाताचं एक रोप जरी दिसलं, तरी नापास. अनसूयाबाई दर वर्षी ते वेचून काढायच्या, मात्र बावखलाच्या कडेचा एक कोपरा मुद्दाम सोडायच्या. दोन चटया पसरतील एवढीच जागा. भाद्रपदात ऋषिपंचमीला या घरातल्या बाया बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरल्या जमिनीतलं नको, पेरलेलं नको. त्या दिवशी आदल्या वर्षी जपून ठेवलेल्या देवभाताचा मूठभर भात आणि परसातली मिसळीची भाजी, एवढंच.

शरदचंद्र त्यावरून दर वर्षी छेडायचे. “अगं, आळीत बैल दिसून पंधरा वर्षं झाली. पॉवर टिलर चालतो. बैलाचे कष्ट कुठून आले?”

“मग माझे धरा,” बाई म्हणायच्या.

देवभात गळू नये म्हणून लोंब्या बाहेर पडल्या की त्या चार-पाच लोंब्यांची एक जुडी करून जुन्या लुगड्याच्या चिंधीने सैल बांधून ठेवायच्या. गळलेला दाणा चिंधीत राहायचा. लांबून पाहिलं तर त्या कोपऱ्यात कुणीतरी लहान मुलींच्या वेण्या घातल्यात असं वाटायचं.

रोप कोवळं असताना देवभात आणि शिंपली ओळखू येत नाहीत, सख्ख्या बहिणी. लोंबी आली की कळतं, तेही बघणाऱ्याला. कारण कुसळ दोघींना. शिंपलीचं कुसळ आखूड, गव्हाळ, आणि फक्त शेंड्याकडच्या दाण्यांना. देवभाताचं बोटभर लांब, कोवळेपणी तांबूस, आणि एकेका दाण्याला. तरीही शंका राहिली तर दाणा भरल्यावर लोंबीखाली तळहात धरायचा आणि टिचकी मारायची. देवभात हातात गळतं. शिंपली गळत नाही, तिला विळाच लागतो. हे सगळं अनसूयाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

मंडळाचा निरीक्षक होता कौस्तुभ. घर मूळचं साताऱ्याकडचं, आता विरारला भाड्याने. सरळ मुलगा. पण त्याच्याकडे वीस खाचरं होती, त्यातली चौदा नापास झाली होती आणि वरून दर सोमवारी फोन यायचा की यादीत निदान सहा तरी नावं दाखव. म्हणजे राऊतांचं खाचर पास व्हावं ही निकड त्यालाही होतीच. पहिल्या भेटीत, रोपं वीतभर असताना, त्याने फोटो काढले आणि चहा घेतला. दुसऱ्या भेटीला, सप्टेंबरच्या शेवटी, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. नेमक्या त्या दिवशी अनसूयाबाई गुडघ्यासाठी दवाखान्यात गेल्या होत्या. कौस्तुभ बांधावरून फिरला, अर्ज काढून बघितला. अर्जात कुसळ नाही. खालच्या अर्ध्यात तर दिसतंय.

“काका, हे देवभात दिसतंय. एवढं?”

“असेल,” शरदचंद्र म्हणाले. 

कौस्तुभने वहीत लिहिलं, ‘खालच्या भागात कुसळवाली रोपे फार. तिसऱ्या भेटीआधी पूर्ण काढावीत.’ आणि हातात मंडळाचं एक पानाचं पत्रक दिलं. पत्रकावर चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत, ‘कुसळ दिसले की रोप काढा.’ पत्रक कुणीतरी बिनकुसळाच्या नव्या वाणांसाठी लिहिलेलं होतं. तसं त्यावर छापलेलं नव्हतं.

अनसूयाबाई परत आल्यावर शरदचंद्रांनी एवढंच सांगितलं, “थोडं गवत काढायला सांगितलंय.”

“मी काढते. देवभाताचा उशिराचा फुटवा येतोच या दिवसांत. दोन फेऱ्या घालते.”

त्या फेऱ्या झाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विरारहून फोन आला. सून, म्हणजे उमंगची बायको, नाव पूर्वी, सोसायटीच्या जिन्यात घसरली होती, पाय प्लास्टरमध्ये. अनसूयाबाईंनी कोपऱ्यातल्या लोंब्या तेवढ्या घाईघाईने बांधून घेतल्या, दोन साड्या पिशवीत घातल्या आणि गेल्या. पाचवा मजला, लिफ्ट बंद, सकाळचे तीन डबे, रात्रीच्या पोळ्या. रोज संध्याकाळी त्या घरी फोन करायच्या.

“अहो, खाचरात हात घालू नका. मी आल्यावर बघते.”

“नाही घालत.”

“नक्की ना?”

“अगं, मला काय कळतं त्यातलं?”

हे वाक्य त्या पंधरा दिवसांतलं सर्वांत खरं. शरदचंद्रांनी ते नुसतंच बोलून दाखवलं.

कौस्तुभने फोन करून तिसऱ्या भेटीचा दिवस सांगितला, रविवार, सकाळी अकरा. बाई येणार त्याच सकाळी. शरदचंद्रांनी दिवस मोजले. तोवर ती खालची कुसळं तशीच डोलत राहणार, आणि रविवारी उमंगसमोर ‘नापास’. बुधवारी सकाळी त्यांनी कमळीला बोलावलं. कमळी मिठागराकडच्या वस्तीवरची, अनसूयाबाईंबरोबर वीस वर्षं लावणीला येणारी. शरदचंद्रांनी तिला खालच्या अर्ध्यात उभं केलं आणि म्हणाले, “हे सगळं काप.”

कमळी विळा कमरेला तसाच ठेवून बघत राहिली. “दादा, यो भात हाय.”

“देवभात आहे.”

“देवभात वळीत उगवतं काय? या वळी मीच लावल्या, वयनीबरूबर. पानी भरलं होतं तवा.”

“कुसळ बघ. दिसतंय ना? आता हे बघ.” त्यांनी पत्रक उघडलं. “काय लिहिलंय?”

“मना वाचता नाय येत.”

“मला येतं ना?”

 कमळीने विळा काढला. पण बावखलाच्या कोपऱ्याशी आली तशी थांबली. “तिथं वयनीच्या चिंध्या बांधल्यात. तिथं मी नाय हात लावनार. तुमाला पायजे तर तुमी शिरा पान्यात.”

शरदचंद्र पाण्याकडे बघून म्हणाले, “राहू दे तेवढं.”

दोन दिवसांत खालचा अर्धा मोकळा झाला. दाणे अजून दुधात होते, बोटाने दाबले तर पांढरं पाणी निघायचं. पुन्हा बी म्हणून एक दाणाही पडू नये, म्हणून शरदचंद्रांनी कापलेलं सगळं भारे बांधून कमळीच्या म्हशींना पाठवलं आणि वाटेत सांडलेल्या लोंब्या स्वतः वाकून वेचल्या. कंबर धरली. रात्री बाम लावून त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं, “सगळं व्यवस्थित आहे.” बायकोला विश्रांती मिळावी म्हणून आपण हे अंगावर घेतलं, असंही त्यांच्या मनात होतं. खोटं नव्हतं ते.

रविवारी दहाच्या सुमारास उमंगने आईला गाडीतून आणलं. अनसूयाबाई उतरल्या. पायऱ्यांनी गुडघा सुजला होता. घरात न जाता त्या वाडीतून मागे गेल्या, पिशवी हातातच. वरचा अर्धा पिवळसर होऊन उभा होता, एकसारखा, छान. खालच्या अर्ध्यात गुडघ्याएवढे बुडखे.

त्यांनी बुडखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने मोजले. मग पिशवी बांधावर ठेवली.

शरदचंद्र मागून आले. “बघ, एकही शिल्लक ठेवलं नाही. अगं, केवढं माजलं होतं! तू बरी सांगायचीस, दोन फेऱ्या घालते म्हणून.”

“कुठे आहे कापलेलं?”

“म्हशींना दिलं. गळून परत उगवायला नको.”

“सगळं?”

“वेचून वेचून दिलं.”

अनसूयाबाईंनी डोक्यात एकदा शोध घेतला. पिंपात शिंपली नव्हती. जुलैत पहिली रोपं अतिपावसाने कुजली तेव्हा राखून ठेवलेलं बीसुद्धा दुसऱ्यांदा पेरून झालं होतं. शेजारी कुणाकडे नव्हती, शेजारी भातच नव्हतं. त्या काही ओरडल्या नाहीत. पाच मजले पंधरा दिवस चढून-उतरून ओरडायला जो दम लागतो तो संपला होता. बांधावर बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या.

“बरं वाटत नाहीये का?” शरदचंद्रांनी विचारलं.

“बरं आहे.”

तेवढ्यात कौस्तुभची मोटारसायकल आली. मोबाईल काढत तो बांधावर चढला, खालच्या बुडख्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“काका! सगळं काढलंत? वीस खाचरं बघतोय मी, एवढं कडक कुणी केलं नाही. लोक म्हणतात, राहू दे साहेब, दोन-चार रोपांनी काय होतंय.”

“तत्त्व म्हणजे तत्त्व,” शरदचंद्र म्हणाले.

उमंग रस्त्याच्या बाजूला गाडीला टेकून उभा होता. लॉनवाल्याला बारा वाजता कळवतो असं त्याने सांगून ठेवलं होतं, तेव्हा हातात फोन होता. कौस्तुभ वरच्या अर्ध्यात शिरला. दहा ठिकाणी वाकून लोंब्या बघितल्या, मोजल्या, फोटो काढले. कुसळ नाही, देवभात नाही, उंची एकसारखी. अर्जाशी जुळतंय. दुकानातल्या पिशवीतलं बी अर्जाशी जुळणारच. अर्ज त्याच्यावरूनच भरलेला होता.

“पास,” तो म्हणाला. “आता फक्त एक सही.” आणि मग, शिकलेल्या मुलाला येते तशी शंका येऊन, तो बाईंकडे वळला. “काकू, तुम्ही एवढी वर्षं खाचर बघताय. तुम्हीच सांगा, शिंपली ती हीच ना?”

उमंग गाडीपासून दोन पावलं पुढे आला होता. आईचं उत्तर ऐकायला की फोन लावायला, ते त्याचं त्याला माहीत. शरदचंद्र हसतमुखाने उभे होते, हात मागे बांधून, जसे ते मेळाव्यात उभे राहणार होते. अनसूयाबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग बुडख्यांकडे. नाही म्हटलं, तर दिवाळीनंतर खाचर नाही. हो म्हटलं, तर चव्वेचाळीस वर्षं जे भात ओळखत आलो त्याच्या नावावर दुसरंच भात.

“पाटीवर नाव नीट लिहा,” त्या म्हणाल्या. “नुसतं गोविंद नको. गोविंदराव. मामंजींना नुसतं गोविंद म्हटलेलं खपायचं नाही.”

कौस्तुभ हसला आणि त्याने सही केली.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण मोबाईल खिशात घालताना त्याला बावखलाचा कोपरा दिसला. चिंध्या.

“हे काय बांधलंय?”

“ते तिचं ऋषिपंचमीचं,” शरदचंद्र म्हणाले. “देवभात.”

“अहो काका! खाचराला लागून? पाणी भरलं की दाणे सरळ आत.” त्याला खरंच वाईट वाटलं. “काकू, माफ करा. हे काढावं लागेल. आत्ता, माझ्यासमोर, कारण फोटो लावायचाय. आणि पाच वर्षं हा कोपरा फुलायच्या आधी बेणून, दर सप्टेंबरला फोटो पाठवायचा. नाहीतर पाटी काढून न्यावी लागते.”

“काढतो की,” शरदचंद्र लगेच म्हणाले आणि पाण्याच्या काठावर जाऊन चपला काढायच्या की नाही याचा विचार करू लागले. त्यांचा विचार संपेपर्यंत अनसूयाबाई साडी खोचून मांडीभर पाण्यात उतरल्या होत्या.

“आई, गुडघा!” उमंग रस्त्यावरून ओरडला.

“आता काय तो,” बाई म्हणाल्या.

त्या एकेक जुडी सोडत गेल्या. चिंधी सोडायची, लोंबीखाली तळहात धरायचा, टिचकी मारायची. दाणे गळले की रोप मुळासकट ओढून काठावर फेकायचं. कौस्तुभला वाटलं, बाई हळू काम करतायत, वय झालंय. शरदचंद्रांना वाटलं, रुसलीय. जुलैत न कुजलेली पहिल्या पेऱ्याची काही रोपं खाचराच्या कडेने त्या कोपऱ्यात सरकली होती आणि ती पिकायला आली होती, हे लावणी करणाऱ्यालाच ठाऊक. आठव्या जुडीत एक लोंबी गळली नाही. बाईंनी ती नखाने खुडली आणि ओटीत टाकली. पुढे आणखी दोन. शेवटच्या चिंधीपर्यंत अकरा झाल्या.

देवभाताचे सुटे दाणे, तळहातावरचे आणि चिंधीतलेसुद्धा, पाण्यातच गेले. ओढताना गळणं हा त्यांचा स्वभाव. म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा उगवणार होतं, आणि ते फोटोत दिसत नव्हतं.

कौस्तुभ गेला. उमंगने गाडीत बसण्याआधी बापाच्या खांद्यावर हात ठेवला. “जिंकलात बाबा. पाच वर्षं मी गप्प. सहाव्या वर्षी बोलू.” मग आईला म्हणाला, “आई, पूर्वी विचारत होती, बुधवारी येशील ना?”

“येते.”

अनसूयाबाई ओट्यावर ओल्या साडीतच टेकल्या आणि ओटी वर्तमानपत्रावर रिकामी केली. शरदचंद्रांनी वाकून बघितलं. अकरा लोंब्या, शेंड्याला आखूड, गव्हाळ कुसळ.

“हे कशाला आणलंस घरात? कुसळ आहे त्याला.”

“ही तुमच्या वडिलांची शिंपली.”

शरदचंद्रांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. लोंबी उचलली. बोटांत फिरवली. मग त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं, जिथून खाचर दिसत नाही पण आहे हे कळतं.

“आणि ते उभं आहे ते?”

“तुम्ही आणलेली पिशवी.”

 शेजारच्या वाडीत कुणीतरी केळीची सुकी पानं कापत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“तू बोलली का नाहीस? त्याने तर सरळ विचारलं होतं.”

“उमंग उभा होता.”

“मग मला आधी—” ते थांबले. आधी सांगितलं होतं, हे त्यांनाही आठवलं असावं. “कौस्तुभला फोन करू?”

“करा.”

त्यांनी मोबाईल हातात घेतला. नंबर काढला. त्यांचा अंगठा त्या नंबरावर राहिला, आणि मग पडदा आपोआप काळा झाला. त्यांनी मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला.

“पुढच्या वर्षी बदलून टाकू,” ते म्हणाले. “गुपचूप. हेच पेरू.”

“अकरा लोंब्या आहेत,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी विहिरीजवळ चटईएवढी जागा होईल. त्याच्या पुढच्या वर्षी गुंठाभर. अकरा गुंठे भरायला चौथं वर्ष. एकही लोंबी पाखरांना जाऊ द्यायची नाही, एकही दाणा मिसळू द्यायचा नाही. आणि अर्जात कुसळ ‘नाही’ लिहिलंय, म्हणजे ते आधी सुधारायला लावा.”

“होईल की.”

“कोण करणार?”

 बाईंनी लोंब्या एकेक करून सुईदोऱ्याने ओवल्या आणि देव्हाऱ्याच्या वर खिळ्याला टांगल्या, उंदीर पोचणार नाहीत अशा.

डिसेंबरात पाटी लागली. गोविंदराव असंच लिहिलं होतं, नीट. मेळाव्यात शाल मिळाली, खुर्ची पहिल्याच रांगेत होती. शरदचंद्रांनी भाषण मात्र केलं नाही, घसा बसलाय म्हणाले. कौस्तुभच्या यादीत सहा नावं झाली आणि त्याचे सोमवारचे फोन थांबले. उमंगने कबूल केल्याप्रमाणे लॉनचा विषय काढला नाही. लॉनवाल्याला शेजारच्या आळीत जागा मिळाली, म्हणजे त्याचंही अडलं नाही. कमळीच्या म्हशी ऑक्टोबरात दोन आठवडे बऱ्या दुधावर होत्या.

त्या अकरा लोंब्या जूनमध्ये विहिरीजवळ पेरल्या गेल्या. त्यांच्यावर अनसूयाबाईंनी जुनी मच्छरदाणी ताणून बांधली आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन बघू लागल्या. ऑगस्ट संपता संपता बावखलाच्या कोपऱ्यात देवभात पुन्हा हिरवं झालं, पहिल्यापेक्षा दाट. फुलायच्या आत ते बेणायचं होतं. गुडघ्याला पट्टा बांधून त्या पाण्यात उतरल्या, तीन सकाळी घालवल्या, आणि शरदचंद्रांनी काठावरून फोटो काढून मंडळाला पाठवला.

ऋषिपंचमीला ताटात नुसती भाजी होती.

“दुकानात मिळतं म्हणे देवभात, पाकिटातलं,” शरदचंद्र म्हणाले. “उमंग आणून देईल.”

“नको.”

ते स्वतः मऊ भात कालवत होते. जेवता जेवता थांबले, तिच्या ताटाकडे बघितलं, आणि पुन्हा जेवू लागले.

तर जमा ज्याची त्याची सांगितली. भरलं ते एकाच बाईने. वर्षाच्या हजारभर जेवणांत एकच असं होतं ज्यात तिचे कष्ट नव्हते, न पेरलेलं, न लावलेलं, न बेणलेलं. ते गेलं, आणि ते येऊ नये म्हणून आता चार वर्षं तिलाच पाण्यात उतरायचं आहे.